शवपेटीवरची कोरी जागा

२ नोव्हेंबर
नाईलकाठचं कुर्ना गाठलं एकदाचं! अस्यूतचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं, बापाचा आरडाओरडाही तिकडेच सोडला. उत्खननाच्या कोठारात काम मिळालं. जुन्या शवपेट्यांवरची धूळ मऊ ब्रशने झाडायची. मुकादम हिल्मीकाका म्हणाले, कॉलेजवाले साहेब, पुस्तकी अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर ठेवा. मग स्वतःच्याच ताटातली बाकल्याची उसळ पुढे सारली. दारातून ____ च्या घराची गच्ची दिसते. पगार गेला खड्ड्यात!

५ नोव्हेंबर
आज एका बाईची पेटी झाडली. मंत्रांच्या ओळीत मध्येच चार बोटं जागा कोरी. काका म्हणाले, दुकानातला तयार माल. पेट्या आधीच रंगवून ठेवायचे, गिऱ्हाईक मेलं की नाव भरायचे. हिच्यावर भरायचं राहून गेलं. ज्याचं नाव, त्याची पेटी.
____ फोन उचलत नाही. हिच्यासाठी सगळं सोडून आलो, आणि ही!

७ नोव्हेंबर
तिचा निरोप: शुक्रवारी फातिहा पढून लग्न ठरणार. लक्सरचा कुणी मास्तर. तिची आई म्हणते, शिक्षण अर्धवट टाकणाऱ्याला मी बकरीसुद्धा देणार नाही.
डोकंच फिरलं. काका दुपारच्या नमाजाला गेले. काजळीत ब्रश बुडवून त्या कोऱ्या जागेत कॉलेजात शिकलेल्या जुन्या लिपीत तिचं नाव लिहिलं. फोटो पाठवला. बघ म्हटलं, तुझा मास्तर देईल का तुला हजारो वर्षं?


८ नोव्हेंबर
तिची आई काकांकडे ताईत मागायला आली. काल दुपारपासून पोरगी डोळे उघडत नाही. हाक तरी काय मारू, म्हणाली. नऊ महिने पोटात वाढवलं, आणि नाव आठवत नाही.
मलाही आठवेना. रोजनिशी उघडली. जिथे जिथे लिहिलं होतं, तिथे शाईच नाही. नुसती जागा.

९ नोव्हेंबर
पेटीवरची अक्षरं दिसतात, वाचायला गेलं की जीभ अडते. पुसायला निघालो. काकांनी कानाखाली वाजवली. गाढवा, ती आता फक्त तिथेच उरलीय, पुसलंस तर कुठेच नाही! मग करू काय? ते ब्रश हिसकावून बाहेर गेले. पेटीला लाथ मारली.
आत कुणीतरी श्वास घेतला.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
तिचा श्वास मंदावतोय. पेटीतला वाढतोय. काका शेवटी बोलले. पूर्वीची माणसं दुसऱ्याची पेटीही वापरायची. आधीचं नाव पुसायचं नाही, चुन्याने झाकायचं, वर नवं लिहायचं. जुनं माणूस सुटतं.
नवं कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.

दुपार
चुना वाळला. लिहिलं. बोटं गार पडलीत—
समोरच्या गच्चीवर बायकांचा गलका. उठली! रावया उठली! रावया— लिहिता येतंय—
फोन. तिचाच. आवाज घाबरलेला. पेटीचा हा घाणेरडा फोटो कुणी पाठवला, कोण आहात तुम्ही—
अगं, मी ____, म्हटलं. मी—
मी