आईची मावशी केली तो अर्ज

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर संशय घेतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तुमचे बाकीचे विद्यार्थी तुमचा विषय निघाला की आवाज खाली आणतात. मला ते जमत नाही. नांदेडच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला केमिकल इंजिनिअरिंग शिकवलंत आणि चांगलं शिकवलंत, त्यात हुज्जत नाही. पण त्या दिवशी लॅबमध्ये मला जे बोललात ते कशापायी बोललात, हे मला आजवर उमगलेलं नाही. आणि आता ते उमगायला पाहिजे, कारण मी पीएचडीसाठी अर्ज करून राहिलोय. या वयात. केस पांढरे व्हायला लागल्यावर. हसत असाल तर हसा.

संशय सुरू झाला तुमच्या स्वयंपाकघरात. रविवारी मॅडम बाजारात गेल्या की तुम्ही स्वतः नाश्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला करायचात. ते भिजवून, मुठीत दाबून पाणी काढायचात, आणि फोडणीत डाळव्याचं कूट टाकताना अशी मान तिरकी करायचात की जणू कढईतलं तापमान कानानं ऐकताय. त्या ओट्याशी ती उभी असायची. उदगीरच्या आडत्याची मुलगी, माझ्या एक वर्ष पुढं, शेवटच्या वर्षाला. अमेरिकेत थेट पीएचडीला जायचं तिनं मनावर घेतलं होतं. आमच्या कॉलेजातून तोवर मुलगी काय, मुलगासुद्धा असा गेलेला नव्हता. माझं तिच्यावर प्रेम होतं. हे तुम्हाला ठाऊक होतं, लॅबच्या शिपायाला ठाऊक होतं, तिला कितपत ठाऊक होतं याबद्दल मात्र मला आजही शंका आहे. तुम्ही तिला विचारताय, "बाई, कुठंकुठं अर्ज टाकून राहिलीस?" आणि ती युनिव्हर्सिट्यांची नावं सांगतेय, आणि तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणताय, "तू कांदा चीर." मी कांदा चिरतोय. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे असं सगळ्यांनी समजून घेतलंय.

तुमचा एक भाचा अमेरिकेत होता. त्याचा फोटो बाहेरच्या खोलीत टीव्हीवर होता, कारला टेकून उभा. मी मनात दोन आणि दोन पाच केले. सर हिच्यावर एवढी मेहनत का घेतात? हिला तिकडं का धाडतात? हॉस्टेलच्या खोलीत मी हे माझ्या पार्टनरला सांगितलं तर तो म्हणाला, "लेका, तुझं डोकं म्हणजे विनासेफ्टी व्हॉल्व्हचा बॉयलर हाय." नंतर कळलं की भाच्याचं लग्न आधीच झालेलं होतं आणि त्याला पोरगीही होती. तरी माझा संशय गेला नाही. त्यानं फक्त जागा बदलली, भाच्यावरून उठून तो तुमच्यावर येऊन बसला.

शिफारसपत्राची आपल्याकडची पद्धत तुमचीही होती. "तूच लिहून आण, मी बघतो आणि सही करतो." ते तिनं लिहिलं. पण अर्जासोबत एक निबंधही लागतो, हेच का शिकायचंय ते सांगणारा. आम्ही त्याला एसओपी म्हणायचो. तो तिला जमेना. माझं इंग्रजी बरं होतं, म्हणून तिनं तो माझ्याकडं दिला, कँटीनच्या मागं, गुलमोहराखाली, "बघ ना रे जरा" एवढंच म्हणून. मी काय करावं? माणूस प्रेमात फुलं देतो, कॅसेट भरून देतो. माझ्याकडं देण्यासारखी एकच मोठी गोष्ट होती. मी तिला माझा भूकंप दिला.

आमचं गाव औशाकडचं. भूकंपात घर गेलं, आई गेली, मी कणगीच्या आडोशाला सापडलो. तिच्या उदगीरला त्या पहाटे फळीवरची भांडी पडली आणि सगळे अंगणात येऊन बसले, तेवढंच. पण मी तिच्या निबंधात दगडमातीची ती भिंत उभी केली आणि पाडली. फक्त एक अडचण होती. तिची आई जिवंत होती, दर महिन्याला एसटीच्या कंडक्टरसोबत कडक भाकरी आणि चटणी पाठवायची. तिला मारायला माझा हात धजेना. म्हणून मी माझ्या आईला तिची मावशी केलं. इंग्रजीत तो एक शब्द बदलायला काहीच लागत नाही. तिनं वाचलं, कागदाची घडी घातली, मग म्हणाली, "असं चालतं का रे?" मी म्हणालो, तिकडच्या लोकांना हेच लागतं, तू दे सरांना.

तुम्ही कागद वाचायचात ते लॅबमधल्या डिस्टिलेशन कॉलमजवळ, त्या उंच नळकांड्याशी. कॉलम चालू केला की तो स्थिर व्हायला वेळ लागतो, तोवर रीडिंग घेण्यात अर्थ नसतो. तेवढ्या वेळात तुम्ही स्टुलावर बसून पेपर तपासायचात, सह्या करायचात, कधी डुलकीही काढायचात. त्या दिवशी तुम्ही मला एकट्याला बोलावलंत. निबंध मांडीवर होता. पहिल्या परिच्छेदावर लाल काट मारलेली.

"ही मावशी कोण?"

मी थर्मामीटरकडं बघितलं. वाफेचा आवाज तेवढा चालू.

"आईला मावशी केलीस व्हय रे?"

तुमचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी तिथंच रडून मोकळा झालो असतो. तुम्ही चष्मा काढून शर्टाला पुसलात आणि म्हणालात, "तिला भूकंप देऊ नको. तुझा तू ठेव. तुला लागंल पुढं."

सर, ते 'लागंल' माझ्या डोक्यात गेलं. मी तुम्हाला आईबद्दल कधी अक्षर बोललो नव्हतो. मग तुम्हाला कसं कळलं? एक तर तिनं सांगितलं असणार, म्हणजे मी नदीच्या घाटावर बसून जीव काढून तिला सांगितलेलं तिनं तुमच्या ओट्याशी फोडणीच्या वासात सांगितलं असणार. नाहीतर ॲडमिशनच्या वेळचा माझा भूकंपग्रस्ताचा दाखला तुम्ही लक्षात ठेवला असणार. त्या दाखल्यावर मला सवलत होती आणि हॉस्टेलात पोरं मला 'हादरा' म्हणायची. मला वाटलं, तुम्हीही तेच म्हणताय. की पोरा, तुझ्याजवळ दाखवायला एवढंच आहे, ते जपून वापर. माझी आई म्हणजे काय पुढच्या अर्जाला जोडायचा कागद आहे? मी तुम्हाला म्हणालो, "सर, मी मेलेल्या माणसावर जगत नाही." एप्रन काढला, तिथंच टेबलावर टाकला आणि निघालो. तुम्ही हाक मारली नाहीत. कॉलम स्थिर झाला होता बहुतेक, तुम्हाला रीडिंग घ्यायचं होतं. मी सरळ स्टँडवर गेलो आणि लातूरची गाडी धरली.

लातूरला तेव्हा क्लासेसचं पीक जोरात होतं. गल्लीगल्लीत मेस, पत्र्याच्या शेडमध्ये शेकड्यांनी पोरं, भिंतीवर गुणवंतांचे फोटो. रेणापूर नाक्याजवळच्या एका क्लासला केमिस्ट्री शिकवणारा पाहिजे होता. त्यांनी मला डिग्री विचारली नाही, आवाज किती मोठा आहे ते विचारलं. ती अमेरिकेला गेली, तुम्ही लिहायला लावलेल्या निबंधावर. त्यात साखर कारखान्याच्या सांडपाण्यावरचा तिचा प्रोजेक्ट होता आणि दुसरं काहीच नव्हतं. पुढं तिनं तिकडंच एका केरळी माणसाशी लग्न केलं. म्हणजे मी ज्या कुणावर संशय घेतला त्यांतला एकही नव्हता.

आणि मग तुम्ही एकदा लातूरला आलात. मी फळ्याकडं तोंड करून बोलत होतो, वळलो तर शेवटच्या बाकावर पोरांमध्ये तुम्ही, पिशवी मांडीवर घेऊन. पूर्ण लेक्चर बसलात. सुटल्यावर मी गर्दीतून मागं येईपर्यंत निघून गेला होतात. मी ऑफिसात विचारलं. तिथली बाई म्हणाली, "नांदेडचे सर नं? बहिणीच्या नातवाच्या ॲडमिशनचं इचारून गेले." बघा आता. म्हणजे तुम्ही माझ्यासाठी आला होतात का त्या नातवासाठी? नातवासाठी यायचं तर पूर्ण तासभर बसायची काय गरज? आणि माझ्यासाठी आला होतात तर एक शब्द का बोलला नाहीत? पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तो नातू मात्र खरोखर आमच्या क्लासला आला. माझ्याच बॅचला. तोंडानं थेट तुमच्यावर गेलेला.

पुढं मी अर्धवट टाकलेली डिग्री पुरी केली, एम.टेक. केलं, क्लास चालवत चालवत. आता माझा विषय आहे उसाच्या चिपाडाची राख. कारखान्याच्या बॉयलरमधून निघते आणि ढिगानं पडून राहते. चुन्यासोबत ती नीट मिसळली तर दगडमातीच्या भिंतीला धरून ठेवणारा मसाला तयार होतो, स्वस्तातला, खेड्यात परवडेल असा. मला त्यावर काम करायचंय. अर्जात विचारलंय, हाच विषय का? मी चारदा वेगवेगळं लिहून पाहिलं. कारखान्याचा कचरा, पर्यावरण, सिमेंटचा खर्च. सगळं खरं आहे आणि सगळं वाचताना मलाच झोप येते. शेवटी परवा लिहिलं की माझी आई भिंतीखाली गेली, कारण त्या भिंतीत धरून ठेवणारं काही नव्हतं. आई असंच लिहिलं.

म्हणजे भूकंप मला लागला. तुम्ही म्हणालात तसाच. पण तुम्ही हे माझी आई माझीच राहावी म्हणून म्हणाला होतात, का मला तेव्हा वाटलं तसं, जपून वापर म्हणून? मुलाखतीत कुणी चष्मा पुसत माझ्याकडं बघितलं तर मी ह्या ओळीसाठी मान वर ठेवायची की खाली, हे त्यावर ठरणार आहे.

विचारायला एक माणूस आहे. मॅडम अजून त्याच घरात राहतात. हे पत्र तिथं टाकलं तर त्या उघडतील, वाचतील, आणि त्या दिवशी घरी येऊन तुम्ही माझ्याबद्दल काय बोललात ते त्यांना नक्की आठवत असेल. त्या सांगतीलही. म्हणूनच टाकत नाही. तुम्ही वाईट अर्थानं बोलला होतात असं निघालं तर मी ते झेलीन, इतकी वर्षं तेच झेलतोय. पण तुम्ही नुसते चांगल्या मनानं बोलला होतात असं निघालं तर, सर, मला नांदेडच्या गाडीत बसून परत यावं लागेल, आणि तिथं आता तुम्ही नाही. अर्जाची मुदत शुक्रवारी संपतेय. तो मी पाठवणार आहे.