पर्डीच्या घरचं एक मत

राजधानी, १६ जानेवारी १८८३

ती. अल्माताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना सेनेटर करून वॉशिंग्टनला पाठवायचं की नाही, हे आम्हा आमदारांच्या हाती. रोज दुपारी आम्ही मतं देतो नि रोज दोन्ही पक्ष बरोबरीत सुटतात. त्यात मी अडकलोय. विरोधी पक्षाचा आमदार पर्डी, आपल्याच गावचा, बायकोच्या बाळंतपणासाठी घरी गेलाय. जाताना इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही हात मिळवले, की तो परतेपर्यंत मीही मत देणार नाही. आता आमचे लोक म्हणतात, शब्द मोड, एका मताने बाबा येतील. काल आमच्याच पक्षाच्या क्रॅमरने सगळ्यांदेखत मला बापाचा वैरी म्हटलं. बाबा शेजारच्याच खोलीत आहेत, पण एक अक्षर बोलत नाहीत. त्यांचं वय बघता ही शेवटची संधी. मी काय करू?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा, हायरम

विलो क्रीक, १९ जानेवारी

चि. हायरमला अनेक आशीर्वाद.

दाढी आली तरी अक्कल माझ्याकडेच गहाण का रे? शब्द मोडलास तर बाबा वॉशिंग्टनला जातील, पण गावात मान वर करून फिरता येणार नाही. म्हणून मी पर्डीलाच तिकडे धाडते आहे. त्याला मुलगा झालाय, पण बायको तापाने फणफणली होती, तो खाटेपासून हलेना. मी सूप घेऊन गेले नि म्हटलं, हिच्याजवळ मी बसते, तू जा आणि माझ्या बापाविरुद्ध मत देऊन ये. आधी हसला, मग रडला. आज तिचा ताप उतरलाय, उद्याच्या गाडीने तो निघेल.

बाबांना जपावं, स्वतः जेवावं.
तुझी ताई

राजधानी, २४ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पर्डी आला. आम्ही दोघांनी मतं दिली, पुन्हा बरोबरी. दुसऱ्या दिवशी आमच्यातलाच एक फुटला, तोच क्रॅमर! बाबा पडले. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

खोलीत गेलो तर ते पेटी भरत होते. मी माफी मागू लागलो, तर म्हणाले, गाढवा, शब्द मोडला असतास तर जन्मभर बोललो नसतो. माझं दडपण नको म्हणून गप्प होतो. तेवढ्यात पर्डी दारात, टोपी हातात. म्हणाला, तुम्हाला मत देता आलं नाही, पण पोराचं नाव तुमचं ठेवलंय, इलायजा.

बाबा डोळे पुसत हसले. म्हणाले, चला, पर्डीच्या घरचं एक मत फोडलं, आता फक्त एकवीस वर्षं थांबायचं.

शनिवारी बाबा नि मी येतोय. रागावणं चालू ठेव, मायाही.
तुझा, हायरम