भोंग्याच्या दोन बरगड्या

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घे). तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कुरकुरतात का? इकडे सगळे ठीक. तुझी भावजय तेवढी सोफ्यावरून माझ्यावर रुसली आहे, पण ते सांगायचं तर छापखान्यापासून सुरुवात करावी लागेल.

छापखान्यात हुकूम निघाला, की एखाद्याचं हृदय बंद पडलं तर छाती दाबून त्याला कसं जगवायचं हे प्रत्येकाने शिकायचं. चार धडे घरी मोबाईलवर, मग एक दिवस प्रत्यक्ष सराव. धडे मी चहा पिता पिता उरकले. (त्यात पुढे पळवायचं बटण असतं. ते मी दाबलं की नाही, हे विचारू नकोस.) परीक्षेत वीसपैकी वीस! दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सगळं तोंडपाठ. त्या आनंदात सोफ्यावर सराव केला आणि आतली स्प्रिंग वर आली. सोफा तुझ्या भावजयीच्या माहेरचा. पुढचं तू समजून घे.

सराव घ्यायला एक नर्सबाई आल्या. वय माझ्या लेकीचं, आवाज हेडमास्तरांचा. जमिनीवर रबरी पुतळा. नीट दाबलं की तो टिक वाजतो. माझ्या हाताखाली मात्र ढिम्म.

“काका, त्याला उठवताय की थोपटून झोपवताय?”

“अहो, दुखेल ना त्याला,” मी म्हणालो.

“त्याचं हृदय बंद आहे, काका. दुखलं म्हणून ओरडला, तर मी टाळ्या वाजवीन.”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने भोंगा. हा आमचा मशीनवाला. यंत्राच्या वरताण बोलून बोलून घसा तसाच झालाय. मी कागदाच्या भांडारात, त्यामुळे रिमांवरून, म्हणजे कागदाच्या गठ्ठ्यांवरून, आमचं नऊ वर्षं वाकडं. “माझा जीव याच्या हातात देऊ नका रे!” असं तो सगळ्यांदेखत म्हणाला.

गेल्या मंगळवारी जेवणानंतर तो दोन रिमा मागायला आला. नेहमीप्रमाणे तावातावाने बोलत होता, आणि वाक्याच्या मध्येच थांबला. (नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं.) मग कोसळलाच. हाका मारल्या, हलवलं, छातीकडे पाहिलं, श्वास नाही. ताई, ते वीसपैकी वीस कुठल्या कुठे गेले. कानात उरला तो फक्त नर्सबाईंचा आवाज. मी धावत आलेल्या टायपिस्टबाईंना रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं आणि मोठमोठ्याने मोजत दाबायला लागलो. एकदा हाताखाली कट्‌कन काहीतरी मोडलं. मी हात उचलले.

“थांबू नका!” टायपिस्टबाई किंचाळल्या. पुढे दमलो की त्या, त्या दमल्या की मी. हा गेला तर मी भांडू कोणाशी, एवढंच मनात येत होतं. रुग्णवाहिका आली, त्यांनी यंत्राने विजेचा झटका दिला, आणि नाडी लागली. अकरा मिनिटं झाली होती म्हणे. मला विचारशील तर अकरा वर्षं.

वाचला, ताई. काल भेटायला गेलो. आवाज इतका खोल गेलाय, की पहिल्यांदाच कान जवळ न्यावा लागला. “दोन रिमा मागितल्या होत्या,” म्हणाला, “तू दोन बरगड्या मोडल्यास.” आणि माझा हात धरून ठेवला. तो सोडेना, मीही सोडवून घेतला नाही.

असो. पत्र लांबलं. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भाऊजी छातीत दुखतं म्हणून दोनदा तपासून आले, हे मला आईकडून कळलं. तू का लपवलंस, यावर सवडीने भांडू. खरं तर हे पत्र त्याचसाठी. धडे तुझ्या मोबाईलवर पाठवले आहेत. चारही पूर्ण बघ, न पळवता. शनिवारच्या सरावाला तुमच्या गावच्या दवाखान्यात तुझं नाव मी घातलं आहे. नाही म्हणू नकोस, ताई. मी तिथे पोचेपर्यंत पाच तास लागतात.

ता. ता. क. सराव फक्त पुतळ्यावर करायचा. चालत्या-बोलत्या नवऱ्यावर नाही, कितीही मनात आलं तरी.