ताई, तुला कधी कळलं?

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझी भावजय बरी आहे, थंडीने तिचे गुडघे कुरकुरतात तेवढंच. दुकानात शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय. मालकांनी कापायला दुसरा माणूस ठेवलाय, तात्पुरता म्हणतात. माझ्या पायाला जरासं लागलंय, म्हणून मी घरीच.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू विषय बदलतेस. कागदावर ते जमणार नाही.

पायामुळेच नव्या डॉक्टरीणबाईंकडे जावं लागलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं. घरात आणखी कुणाला मधुमेह? म्हटलं, मोठ्या बहिणीला. दोघांनाही लहानपणीच झाला, दोघंही जन्मभर इन्सुलिनवर. "त्या कशा आहेत?" म्हटलं, ठणठणीत. खेळाची शिक्षिका होती, अजून पोहायला जाते. डोळे, किडनी, पाय, सगळं शाबूत, माझे डोळे मात्र अधू. ती पथ्याची पक्की. आणि मी हा असा.

"असा म्हणजे? चोरून खायचात?"

"नाही."

"बरं," असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं. ताई, मी थक्क झालो. आजवर मी 'नाही' म्हटलं की समोरचा माझ्या तोंडाकडे बघत राहतो. आई माझे हात हुंगायची. ही कोटाचे खिसे चाचपते आणि म्हणते, धुवायला टाकायचाय. दुकानात कुणी केक आणला की सगळे आधी माझ्याकडे बघतात. साखर वाढलेली निघाली की मीच गुन्हेगार. मध्यंतरी तर मला माझाच संशय यायला लागला होता. झोपेत उठून खातो की काय, म्हणून स्वयंपाकघराला कडी लावून पाहिली. साखर तरी वाढलेलीच.

बाईंनी माझ्या रक्तात सी-पेप्टाइड नावाचं काहीतरी तपासलं. शून्य निघालं. त्यांनी समजावलं ते असं, की शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्यासोबत हा तुकडा सुटतो. बाटलीतल्या इन्सुलिनबरोबर तो येत नाही. म्हणून रक्तात तो सापडला तर समजायचं, आत अजून थोडं इन्सुलिन बनतंय. काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं ते थेंबथेंब बनत राहतं. त्यांची साखर कमी हेलकावे खाते, डोळे, किडनी, नसा जास्त टिकतात. तो तुकडा स्वतःच नसांना जपतो, असंही काहींचं म्हणणं. पण टोचून पाहिला तेव्हा ठाम काही हाती लागलं नाही म्हणे.

"पथ्य हवंच," बाई म्हणाल्या, "पण दोघांनी सारखंच पाळलं तरी दोघांचं सारखं होईल असं नाही. तुमच्या बहिणीची ही तपासणी झाली असणार. इतकी वर्षं इतका चांगला राहिलेला पेशंट आमच्यातलं कुणी तपासल्याशिवाय सोडत नाही."

बसमध्ये बसलो आणि एकेक आठवायला लागलं. तुझा प्रत्येक फोन "पथ्य पाळतोस ना रे?" असा सुरू व्हायचा. तीन वर्षांपूर्वी तू म्हणालीस, मोठ्या इस्पितळात माझं रक्त नेलंय, काहीतरी वेगळं बघणार आहेत. त्यानंतर तू ते पथ्याचं वाक्य कधीच बोलली नाहीस. एकदाही नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, ताई मऊ झाली म्हणून. आता वाटतं, मऊ कुठली, तू जपून बोलत होतीस.

तुला कधी कळलं? तेव्हाच ना?

तसं असेल तर पुढे आईच्या शेवटच्या आठवड्यात तुला माहीत होतं. ती माझा हात धरून म्हणाली, "जिभेवर ताबा ठेवला असतास तर तुझे डोळे वाचले असते रे." तू पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होतीस. तू उठून खिडकी लावलीस. वारा नव्हता. तेव्हाही मला ते विचित्र वाटलं होतं.

पायाचंही नीट लिहिलं नाही मी. बुटात टाचणी गेली होती. दिवसभर तिच्यावर उभा राहून कापड कापलं आणि पाय बधिर, मला पत्ता नाही. संध्याकाळी मोजा लाल दिसला. पुढच्या गुरुवारी दोन बोटं काढणार आहेत. तुला कळवू नकोस असं मीच हिला बजावलं होतं. "बघ, म्हटलं नव्हतं?" हे तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

उत्तर दे. विषय बदलू नकोस.

तुझा भाऊ

*

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

पोचलीस ना नीट? बोटं गेली, जखम कोरडी आहे. बाई म्हणतात, पाऊल वाचलं.

तू पत्राला उत्तर न देता सरळ इस्पितळात येऊन उभी राहिलीस, तेव्हा पहिला विचार वाईटच आला. म्हटलं, आता रडून मला गप्प करणार. तू रडली नाहीस. पिशवी खाली ठेवली आणि म्हणालीस, "हो. तेव्हाच कळलं. माझ्यात अजून थोडं बनतंय."

"मग आईसमोर का नाही बोललीस?"

तू पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत म्हणालीस, "आई सगळ्यांना सांगायची, पोरीने तब्येत कमावली. मी लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठले, सहलीला मुलींबरोबर बसून फक्त पाणी प्यायले. माझ्याजवळ दाखवण्यासारखं तेवढंच होतं रे. ते नशिबाचं निघालं म्हटल्यावर मी कोण उरले? वाटलं, आई गेल्यावर तुला सांगेन. आणि मग आई गेली, तर सांगायला तोंडच राहिलं नाही."

माझ्या तोंडाशी आलं ते सगळं वाकडं होतं.

मग ही डबा घेऊन आली. तू उठून तिला म्हणालीस, "वहिनी, याने कधी चोरून खाल्लं नाही. याच्या शरीरात मुळात इन्सुलिनच शिल्लक नव्हतं, माझ्यात थोडं बनतंय. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही." ही दारातच उभी राहिली. तिने डबा टेबलावर ठेवला, माझा कोट खुंटीवरून काढला, घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा टांगला. तू गेल्यावर म्हणाली, "एवढी वर्षं तुम्ही ओरडला का नाहीत माझ्यावर?" मलाच खात्री नव्हती.

ताई, माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण ते खरं होणार नाही. आईचं ते वाक्य आता कुणालाच परत घेता येणार नाही. अजूनही मनात येतं, तू माझ्यासाठी आलीस की स्वतःचं ओझं उतरवायला? कदाचित दोन्ही असेल. ते तुझं तुला माहीत.

पण एक विचारून ठेवलंय. बाई म्हणाल्या, ते थेंब कायमचे असतात असं नाही, कमी होऊ शकतात. तुझी ती तपासणी होऊन तीन वर्षं झाली. परत करून घे. आणि पोहून आल्यावर तळवे रोज बघत जा, आरसा धरून. तू पुढे ढकलशील, मला ठाऊक आहे. म्हणून बाईंकडे पुढच्या महिन्यात तुझा नंबर लावलाय. मीही येईन, काठी टेकत. तू खरं काय ते मला सांगशील यावर सध्या माझा विश्वास नाही, तेव्हा निकाल मी समोर बसून ऐकणार.

अजून रागात असलेला, पण तुझ्या पायांची काळजी करणारा,

धाकटा