बुलबुल बसेल अशी जागा

२ फेब्रुवारी
उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला कॅमेरा घेऊन परसात. ठरलं म्हणजे ठरलं. फोटो क्लबच्या प्रदर्शनात यंदा माझा बुलबुल लागणारच. अट एकच, पक्षी नैसर्गिक बैठकीवर हवा. तार, दोरी, कुंडी चालत नाही. चार वर्षं बायकोच्या भावाचा फोटो पहिला येतो आणि मी उद्घाटनाला खुर्च्या मांडतो. ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलंय.

३ फेब्रुवारी, सकाळी ९.२०
पहाट हुकली. पहिल्याच दिवशी शरीरावर ताण देऊ नये.

५ फेब्रुवारी
एक देखणी वाळकी फांदी वाळूच्या बादलीत रोवली. मागे झुडपं, उजेड झकास. बुलबुल आला. कपड्यांच्या दोरीवर बसला. मग बादलीच्या काठावर. मग माझ्या चहाच्या कपावर. फांदीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. या पक्ष्याला सौंदर्यदृष्टी नाही.

८ फेब्रुवारी
दोरी काढून टाकली. बायकोने विचारलं, ओले कपडे कुठे घालू? मी म्हटलं, कलेसाठी थोडा त्याग करावा लागतो. तिने स्वतःचे कपडे हॉलमध्ये वाळत घातले, माझे पिळून बादलीत ठेवले. दमट शर्टात ऑफिस. साहेबांनी खुर्ची लांब सरकवली. कलावंताला हे चुकत नाही.

११ फेब्रुवारी
कुंड्या, झाडू, शिडी, सगळं घरात. आता परसात बसायला फांदीशिवाय काहीही नाही. चोख योजना.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
पक्षीच नाहीत. सगळे शेजारच्या काकूंच्या दोरीवर. कुंपणावरून दुर्बिणीने पाहिलं. तुमचे हे आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे अर्धा तास बघत होते, असं काकूंनी बायकोला सांगितलं. गैरसमज दूर करायला गेलो तर दार लावून घेतलं.

१४ फेब्रुवारी
मेहुण्याचा फोन. दाजी, जमतंय ना, असं फार गोड आवाजात विचारत होता. निवड झाल्यात जमा आहे म्हटलं. फोन ठेवला. पुन्हा खुर्च्या मांडायची भीती वाटते, खरंच वाटते. ही ओळ नंतर खोडायची.

१७ फेब्रुवारी
आज मास्टरस्ट्रोक. अंगावर आणि डोक्यावर गोणपाट, त्यावर चिखल, त्यावर पालापाचोळा. फांदीपाशी उकिडवा बसलो. वीस मिनिटांत बुलबुल आला! थेट माझ्या डोक्यावर. कॅमेरा हातात, पक्षी माथ्यावर. हललो तर उडणार. चाळीस मिनिटं तसाच. पाय मेले, नाकावर मुंगी, आणि इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. फोटो शून्य. बायको खिडकीत मोबाइल घेऊन उभी होती. माहेरी व्हिडिओ कॉल असणार.

२० फेब्रुवारी
शेवटची तारीख. नुसत्या फांदीचा फोटो पाठवला. शीर्षक ‘प्रतीक्षा’. पक्षी आत्ताच उडून गेलाय, असं जाणकाराला लगेच कळेल. बायकोनेही म्हणे काहीतरी पाठवलंय. हौसेला मोल नसतं. तिची पाठ थोपटली.

२६ फेब्रुवारी
निकाल. ‘प्रतीक्षा’ बाद. शेरा: पक्षी पाठवायचा राहिला का?
पहिला नंबर बायकोचा. परीक्षक लिहितात, बुलबुल सुरेखच, पण खरी कमाल त्या कुजत आलेल्या जुन्या खोडाची.
ते खोड मी आहे हे सांगायला फोन उचलला. बायको म्हणाली, सांगा की, बक्षीस परत जाईल, पुन्हा माझ्या भावाचा पहिला येईल. फोन ठेवला.
रविवारी क्लबचे अकरा जण ते खोड बघायला घरी येणार आहेत. बायकोने हो म्हणून टाकलंय. चिखल आत्तापासूनच भिजत घातलाय.