माझे ओल्ड अक्वेंटन्स

२६ जानेवारी, संध्याकाळ

अंगाची लाही होते आहे. वरवट बकालच्या इंग्लिश मीडियम शाळेत आज मी चीफ गेस्ट. शाल, नारळ, सगळं व्यवस्थित. मग संस्थेचा अध्यक्ष म्हणून पंजाबराव, माझा लहानपणापासूनचा दोस्त, उठला. सरळ मराठीत बोलायचं सोडून त्याला इंग्रजीची हुक्की आली. माइकवर बोट आपटून म्हणाला, "ज्ञानेश्वर सर इज माय ओल्ड अक्वेंटन्स."

अक्वेंटन्स. म्हणजे तोंडओळखीचा माणूस. बाजारात दिसला तर मान हलवावी, एवढाच. अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात स्पोकन इंग्लिशचा क्लास माझा, हा शब्द नीट कळणारा मी एकटा, आणि तो माझ्याच तोंडावर फेकला. वर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला एवढ्या आग्रहानं का बोलावलं होतं ते आता कळलं.

येताना त्याच्याच गाडीवर मागे बसून आलो. वाटेत एक अक्षर बोललो नाही. त्याला समजलं असेलच. तो कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोलत होता.

२७ जानेवारी

झोप नाही. रागावलेलो नाही, फक्त शब्दांचा विचार केला. इंग्रजीत दोस्तीला पायऱ्या आहेत. सगळ्यात वर फ्रेंड. मग कंपॅनियन, म्हणजे सोबती, प्रवासाला आणि दुखण्याखुपण्याला. अलाय, भांडणात आपल्या बाजूनं उभा राहणारा. कलीग, एका ऑफिसातला. आणि सगळ्यात खाली, चपला काढतात तिथं, अक्वेंटन्स.

या माणसासाठी मी काय नाही केलं? मोटरसायकल शिकलो नाही. का, तर त्याच्या गाडीवर मागे कोणीतरी हवं. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी त्याला अकोल्यात मुक्काम करायला मिळाला, दवाखान्याच्या व्हरांड्यात का होईना. त्याच्या बगीच्यातली संत्री दर मोसमात घरी येतात, मी एकदाही नाही म्हटलं नाही.

निश्चय: संबंध बंद. कायमचे.

२९ जानेवारी

त्याचे फोन आले. उचलले नाहीत. मग त्यानं पुष्पांजलीला फोन केला. खामगावला जातो आहे, सरांना काही आणायचं का. मी बायकोला खूण केली, घरात नाही म्हणून सांग. तिनं सांगितलं, "हे इथंच बसेल हायेत. घरात नाही म्हना म्हनून राह्यले."

इंग्रजीत बायकोसाठीही बरेच शब्द आहेत. आज एकही पुरेसा वाटला नाही.

संध्याकाळी त्यानं माझ्या डोळ्यांचे ड्रॉप्स दारात आणून दिले. मी आतल्या खोलीत होतो. ड्रॉप्स घेतले. औषधाशी आपलं वैर नाही.

३१ जानेवारी

मित्राची जागा रिकामी आहे. योग्य माणूस सापडला. हरिओम मेडिकलवाला. शिकलेला, स्वच्छ शर्ट, गाडीवर बसून बोंडअळीचा विषय काढत नाही. उद्यापासून सोबत मॉर्निंग वॉक.

१ फेब्रुवारी

हरिओम वॉकला निघाल्यापासून परत येईपर्यंत स्वतःच्या पोटातल्या गॅसबद्दल बोलला. उदाहरणं देऊन. मी मोतीबिंदूची गोष्ट काढली तर म्हणाला, डोळे आपली लाइन नाही.

वॉक रद्द. थंडी फार आहे.

३ फेब्रुवारी, सकाळ

पंजाबरावला व्हॉट्सअॅप पाठवला: डिअर अक्वेंटन्स, गुड मॉर्निंग. बस, एवढंच. शहाण्याला तेवढ्यात घाव बसतो.

दुपार

उत्तर आलं. थँक्यू माय डिअर डिअर अक्वेंटन्स. खाली गुलाब, जोडलेले हात आणि तिरंगा.

निर्लज्जपणाची हद्द झाली. डोकं तापलं. जेवलो नाही. नंतर जेवलो.

४ फेब्रुवारी

आज बसस्टँडसमोर त्यानं ट्रॅक्टर थांबवला आणि वरून, भर गर्दीत, मला अक्वेंटन्स म्हणून हाक मारली. चहावाल्यानं विचारलं, सर, ही कोणती पदवी मिळाली? मी तसाच निघालो. हे मुद्दाम चाललं आहे. हा मला तालुक्यातून उठवणार.

आता गप्प बसणं म्हणजे भित्रेपणा.

६ फेब्रुवारी

आज क्लासमध्ये हिशेब चुकता केला. विषय: फ्रेंड आणि अक्वेंटन्समधला फरक. फळ्यावर पायऱ्या काढल्या. खालच्या पायरीवर नाव घालून पंजाबराव लिहिलं. म्हटलं, काही माणसं चार एकर बगीचा आणि एका शाळेचं अध्यक्षपद मिळालं की शब्द उचलून फेकतात, अर्थ माहीत नसताना. त्याच्या उच्चाराची नक्कल केली. माइकवरच्या बोटासकट. पोरं हसून हसून बाकावर आडवी झाली.

मागच्या बाकावर कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं. मी अडवलं नाही. ज्ञान पसरलं पाहिजे.

खूप दिवसांनी भूक लागली.

८ फेब्रुवारी

समता आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, पंजाबरावच्या शाळेत शिकवते. बसली, पाणी प्यायली. मी माझ्या लेक्चरबद्दल विचारलं. म्हणाली, पाहिलं.

मग तिनं सांगितलं. कार्यक्रमाच्या आधी पंजाबरावनं तिला रोज शाळा सुटल्यावर थांबवून ते एक वाक्य पाठ केलं. फ्रेंड त्याला पसंत नव्हतं. फ्रेंड तर पोरं फेसबुकवर कोणालाही म्हणतात, सरसाठी भारी शब्द पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मोबाइलमध्ये फ्रेंडच्या अर्थाचे शब्द शोधून त्यानं त्यातला सगळ्यात मोठा निवडला. समतानं सांगितलं होतं, काका, हा शब्द हलका आहे. तो म्हणाला, "एवढा लांबलचक शब्द हलका कसा असन वो?"

मी विचारलं, व्हिडिओ त्यानं पाहिला का. तिनं मान हलवली. शाळेच्या ऑफिसमध्ये कोणीतरी दाखवला. त्यानं दोनदा पाहिला. मग डोक्यावर टोपी घातली आणि शेतात गेला.

मला भयंकर राग आला. समताचा, आधी सांगितलं नाही म्हणून. मोबाइलमध्ये शब्द टाकणाऱ्यांचा. इंग्रजांचा. पोरांचा, इतकं हसायचं काय होतं? पुष्पांजली स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता कोनाकोनावर चिडता?"

विचारांती ठरवलं: पंजाबरावला माफ करायचं. मन मोठं ठेवायचं.

९ फेब्रुवारी

माफ करायला तयार बसलो आहे. फोन आला नाही.

११ फेब्रुवारी

फोन नाही. त्याची रेंज जात असेल. पुष्पांजलीच्या फोनवर अन्नपूर्णावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. मेथी, लग्नपत्रिका, वहिनींची कंबर, सगळं झालं. मी कान देऊन होतो. माझा विषय निघाला नाही. शेवटी मीच खोकलो. तरी नाही.

१३ फेब्रुवारी

राग धुमसतो आहे. चूक त्याची, शब्द त्याचा, आणि रुसणार तो? मीच जाऊन स्पष्ट बोलणार. अर्थातला फरक समजावणार, चहा घेणार, त्याच्याच गाडीवर परत येणार. वाक्यं ठरली आहेत. सुरुवात नेहमीच्या आवाजात, अधूनमधून विनोद. पाच मिनिटांचं काम.

१५ फेब्रुवारी

गेलो. बसनं गेलो, उभ्यानं.

पंजाबराव अंगणात स्प्रेपंप धूत होता. मला पाहून उठला, हात पुसले. आयुष्यभर मला "काऊन बे ज्ञान्या" म्हणत आला. चीफ गेस्ट असतानाही कानात तेच म्हणाला होता. मी वाट पाहिली. तो म्हणाला, "या सर. बसा तुम्ही."

खुर्ची दिली. नेहमीची बाज होती तरी खुर्ची दिली.

माझी वाक्यं होती. विनोदही होता. म्हटलं, पंजाबराव, तो शब्द. तो म्हणाला, "राहू द्या सर. आपल्याले येत नाही तं बोलाच कायले. चुकलं आमचं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाहून घेतलं असतं, रागाची मला सवय आहे.

मी म्हटलं, व्हिडिओ पोरांनी केला. तो हो म्हणाला. मी म्हटलं, गंमत होती. तो त्यालाही हो म्हणाला. मग पावसापाण्याचं विचारलं त्यानं. फेब्रुवारीत.

अन्नपूर्णावहिनींनी चहा आणला. कपबशीत. पाहुण्यांच्या.

निघताना मी फाटकाशी जरा रेंगाळलो. गाडी तिथंच उभी होती, चावी लावलेली. तो म्हणाला, "सव्वापाचची बस हाय सर, सापडन तुम्हाले." हात जोडले.

घरी पुष्पांजलीनं विचारलं, मिटलं का? मी म्हटलं, मिटलं. खूप मान दिला. खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला, तुम्ही-आम्ही करून बोलला.

तिनं आत जाऊन ताट वाढलं.