पोरपाखरांची मोजणी आणि तुझं जाळं

कालेता सान आनिसेतो,
नोव्हेंबर (तारीख ह्यांना विचारली, तर त्यांनी वार सांगितला)

आदरणीय दादा एव्हारिस्तो यास धाकट्या इस्मेनियाचा माशाचा वास येणाऱ्या हातांनी नमस्कार.

तिकडे कालामाला खाणीच्या धुळीने तुझा खोकला वाढला नसेल आणि वहिनींचे गुडघे त्यांचं ऐकत असतील, अशी आशा. आमच्या ह्यांची (म्हणजे रेमिहियो; तुमचं बोलणं बंद असल्याने नावाची आठवण करून देते) कंबर धरली आहे, बाकी सगळं ठीक.

पत्राला कारण असं, की मी बेटावर जाऊन आले. हसू नकोस. जन्मभर दारातून दिसतं ते बेट, पण आपल्या कोळीवाड्यातल्या कुठल्या बाईने तिथे पाय ठेवलाय? विद्यापीठातून यास्ना नावाची पोरगी पोरपाखरं मोजायला आली. (तिच्या कागदावर त्यांना हम्बोल्ट पेंग्विन म्हणतात आणि जगाच्या यादीत ती ‘असुरक्षित’ आहेत. मी विचारलं, त्या यादीत मच्छीमारांच्या बायका घालता का?) मोकळी होडी आमचीच होती आणि ह्यांना तर उठवत नव्हतं, तेव्हा सुकाणू माझ्या हाती आलं. उतरते न उतरते तोच एक पाखरू माझ्याकडे पाठ करून उभं राहिलं. मला वाटलं, लाजतंय. दादा, पेंग्विन पाठ करतो तेव्हा तो लाजत नसतो. माझा नवा एप्रन तीन वेळा धुतला, अजून घराबाहेरच वाळतोय.

मग यास्नाने मला दगडाखालच्या एका बिळापुढे पालथं झोपवलं आणि हातात विजेरी दिली. आत दोन राखाडी पिल्लं, आणि पुढे बाप. तो मान वाकडी करून मला एकदा डाव्या डोळ्याने, एकदा उजव्या डोळ्याने पाहत होता, जशी आपली आई उशिरा घरी आलं की पाहायची. मी बोट पुढे केलं, ते त्याने चांगलंच सोलून काढलं. तरी मला उठवेना. बाप खरंच अंडी उबवतो? हो, आळीपाळीने. आपलंच बीळ ओळखतो कसा? वर्षानुवर्षं जोडीदारीण तीच? मी इतकं विचारलं, की मोजता मोजता यास्नाचा आकडा दोनदा चुकला. (अंडी उबवण्याचं घरी येताच ह्यांना ऐकवलं. म्हणाले, “मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंस.”) पूर्वी म्हणे बेटावर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा पुरुषभर थर होता, पोरपाखरं त्यात खोल, गार बिळं खणायची. तो थर खत म्हणून खरवडून विकला कोणी, तर आपल्या आजोबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी! आता दगडांच्या आडोशाला ऊन लागतं, उंदीर अंडी खातात, आणि समुद्र तापला त्या वर्षी बारीक मासळी खोल गेली, तेव्हा आईबाप पिल्लं टाकून गेले.

परतल्यावर यास्नाने कोळ्यांच्या शेडमध्ये सगळ्यांना विचारलं, की जाळ्यात किती सापडतात. “एकही नाही,” म्हातारा तिबुर्सियो म्हणाला. “सान पेद्रोची शपथ.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी माशाचा कढ वाढत होते. पोरगीने शून्य लिहिलं, मग म्हणाली, “दरवर्षी कमी भरतात, सेन्योरा. उडता तर येत नाही त्यांना. मग जातात कुठे?”

तुला माहीत आहे, मला प्रश्न अर्धवट राहिलेला सोसत नाही. “जाळ्यात,” मी म्हटलं.

“इस्मेनिया, कढ उतू जातोय,” हे ओरडले.

“केव्हाच खाली उतरवलाय,” म्हटलं, आणि सांगून टाकलं. ह्या सरलेल्या हिवाळ्यात आमच्या जाळ्यात अकरा. बुडालेली, हातात लहान पोरासारखी जड. दंडाच्या भीतीने गुपचूप परत टाकलेली.

तीन दिवस मला कोणी पाव विकला नाही, बोलायचं तर सोडच. चौथ्या सकाळी तिबुर्सियो दारात आला आणि टोपीशी चाळा करत म्हणाला, “माझे सात लिहायला सांग. पण नाव नको घालू.” दुपारपर्यंत पाच जण येऊन गेले. एवढी माणसं आमच्याकडे लग्नालाही आली नव्हती. यास्नाने कोणाचंच नाव घातलं नाही. रविवारी सभा झाली, भांडणं झाली, ह्यांनी कंबर धरून भाषण केलं (माझ्याविरुद्ध), पण मत मला दिलं. पिल्लं समुद्रात उतरेपर्यंत बेटाच्या सामुद्रधुनीत कोणी जाळं लावणार नाही, असं ठरलं.

वहिनींना नमस्कार.
तुझी, इस्मेनिया

ता. क. वर ‘आमचं जाळं’ लिहिलंय. ते तुझं. जिवापाड सांभाळ म्हणून ठेवून गेलास ते. आम्ही वापरत होतो, आता मी ते कापलं.

ता. ता. क. खरं काम हे : तू तीस वर्षं त्याच पाण्यात जाळं लावलंस. यास्नाला जुने आकडे कुठेच मिळत नाहीत. किती परत टाकलेस, खरं लिही. नाव येणार नाही.

ता. ता. ता. क. तू उत्तर देणार नाहीस हे ओळखून मी अंदाजे दोनशे सांगून ठेवलेत. कमी असतील तर रागाने लिही. जास्त असतील, तरी लिही.